नुसता रस्ता बघायला

चढ संपला की तात्या सायकलवरून उतरत. धाप लागलेली असली तरी खाली बसत नसत. सायकल फिरवून तिचं तोंड आल्या दिशेला करत, सीटवर हात ठेवत आणि खाली उतरत गेलेला तांबडा रस्ता बघत उभे राहत. मी पुढे निघालो तर मागून हाक येई, "मास्तरानू, घाई कसली आसा? एवढ्या कष्टान चढान इलंव. खंयसून इलंव तां बघूया तरी."

मालवणहून कसालला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका वाडीत मी तेव्हा शाळामास्तर होतो. साल नेमकं सांगत नाही, पण दारूबंदी नवी होती आणि गोव्यात अजून पोर्तुगीज होते. तात्या माझे शेजारी. ते बोटीवर आगवाले होते, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारे. छाती कामातून गेली तेव्हा कंपनीने त्यांना घरी पाठवलं. वाडीतले बाकीचे बोटवाले घरी येताना पेटी, घड्याळ, विलायती ब्लँकेट असं काहीबाही आणत. तात्यांनी मुंबईत उतरून एक जुनी सायकल घेतली आणि मालवणच्या बोटीवर चढवली. आमच्याकडे सायकल म्हणजे काय करायची वस्तू, हे त्यांच्या बायकोला, म्हणजे काकींनाही तेव्हा कळलं नव्हतं.

या सायकलवेडाचं मूळ फ्रान्समध्ये होतं. लढाईच्या आधी त्यांची बोट दुरुस्तीसाठी बोर्दो बंदरात अडकली होती. गोदीतल्या एका रखवालदाराने तात्यांना आणि त्यांच्या एका जोडीदाराला दोन सायकली दिल्या आणि हे दोघे चार दिवस द्राक्षांच्या मुलखात भटकले. टेकड्या आपल्यासारख्याच, तात्या सांगत. चढ, उतार, परत चढ. फक्त कातळ नाही, जिकडे बघावं तिकडे द्राक्षांच्या रांगा. मध्येच दगडी पूल, टोकदार बुरुजांचे वाडे, काळं पडलेलं देऊळ. भट्टीपुढे उभं राहून ज्याने वर्षानुवर्षं आकाश पाहिलं नव्हतं, त्या माणसाला हे सगळं एकदम दिसलं.

ही गोष्ट तात्या पारावर सांगत. लोक ती मन लावून ऐकत, पण फक्त द्राक्षाच्या दारूपर्यंत. ती किती मिळते, फुकट मिळते का, तिथे पोलीस कसे नाहीत, इथे सभा रंगायची. पोलीस पाटील स्वतः पुढे सरकून बसत. मग कुणीतरी विचारी, "पण तात्यानू, तुमी थंय कशाक गेल्लात?"

"बघूक."

"काय बघूक?"

"रस्तो."

इथे पार रिकामा व्हायला लागायचा.

मला मात्र त्यांनी दारूचं कधी फारसं सांगितलं नाही. मला सांगत ते एका म्हातारीबद्दल. "आमी उतारावरसून येय होतंव. काळी माणसां, अंगार कोळशाचे कपडे. तेणां आमका लांबसून बघल्यान आणि घाबारला नाय, मास्तरानू. हात हलवल्यान. पाव दिल्यान, द्राक्षा दिल्यान. कोण तुमी, कशाक इलात, काय्येक इचारूक नाय. माणूस दिसलो म्हणान तेका बरा वाटला." आपल्याला बघून कुणाला तरी असं बरं वाटावं, एवढीच तात्यांची हौस होती. माणसाने याहून स्वस्त हौस काय करावी? पण तीच त्यांना परवडली नाही.

तुम्ही आमच्या भागात राहिला असाल तर तुम्हाला माहीत असेल, वाटेने जाणाऱ्याला 'खंय चल्लास?' असं विचारतातच. उत्तर द्यावं लागतं, आणि 'कुठेच नाही' हे उत्तर धरत नाहीत. तात्या सुरुवातीला खरं सांगत. "काय नाय, सहज." सहज जाणारा माणूस सापडला म्हणताच घरातून पिशव्या यायला लागल्या. कुणाचं कोकमाच्या सोलांचं गाठोडं, कुणाचं औषध, बहिणीला मिरचीची रोपं. एकदा त्यांच्या हँडलला उलटी टांगलेली कोंबडी मी स्वतः पाहिली. ती वाटभर ओरडत होती आणि तात्या तिला गप्प राहायची विनंती करत होते.

इथवर हसण्यासारखं होतं. पण मग वाडीतला एक म्हातारा वारला. त्याच्या मुली तीन गावांत दिलेल्या. पूर्वी अशी बातमी घेऊन भावकीतला कुणीतरी चालत जाई आणि तो पोचेपर्यंत इकडे मडं ताटकळत राही. आता वाडीत सायकल होती. माझीही होती, पण मी परगावचा, मला कुणाची मुलगी कुठे हे ठाऊक नाही, शिवाय शाळा. लोक तात्यांच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, येऊन उभे राहिले. तात्या गेले. पुढच्या वेळी शेजारच्या वाडीचे लोक आले. मग पलीकडच्या. मी एकदा चिडून म्हणालो, "तुम्ही नाही का म्हणत नाही?"

"नाय म्हणाचा कसा? घरात मडां आसा."

 असल्या निरोप्याने घरात शिरायचं नसतं. अंगणाच्या कडेला उभं राहून सांगायचं आणि पाणीही न घेता मागे फिरायचं. तात्या तसेच फिरत. ज्या घरांनी त्यांना हात हलवावा असं त्यांना वाटत होतं, त्या सगळ्या घरांच्या अंगणात ते असे उभे राहून आले.

पुढे काय झालं ते मसुऱ्याला कळलं. तिथला भरतगड बघायचा बेत आम्ही केला होता. मी इतिहास शिकवत होतो आणि जवळचा गड पाहिला नव्हता, तेव्हा हौस माझीही होती. त्या दिवशी तात्यांनी एकही पिशवी घेतली नव्हती. नदीकाठच्या रस्त्याने गडाच्या पायथ्याशी आलो, तर पाण्याला निघालेल्या एका बाईने तात्यांना पाहिलं. तिच्या हातातली कळशी खाली पडली. ती तिथेच बसली आणि तिने गळा काढला.

पाच मिनिटांत वाडी गोळा झाली. "कोण गेला, तात्यानू?"

"कोण नाय. सगळी बरी आसत. आमी गड बघूक इलंव."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. एक आजोबा पुढे आले आणि तात्यांच्या खांद्यावर हात ठेवून समजुतीच्या सुरात म्हणाले, "आमी घट्ट आसंव. सांगा तुमी." तात्यांनी देवाची शपथ घेतली. मी सरकारी नोकर म्हणून शब्द दिला. पण दोन माणसं सायकलवरून एवढ्या लांब नुसता गड बघायला येतात, हे कुणाच्याच डोक्यात शिरेना. शेवटी त्यांच्यातलेच दोघेजण आपापल्या बहिणींच्या गावी खात्री करायला चालत निघाले. रडणारी बाई थांबली नव्हती, कारण कोण गेलं हे ठरत नव्हतं आणि तिला माहेरची माणसं पुष्कळ होती. गड राहिला. परतीच्या वाटेवर मी हसू दाबत होतो, पण तात्यांचा चेहरा पाहिला आणि माझं हसू आपोआप गेलं.

त्यांनी उपाय करून पाहिले. घंटा काढून टाकली. गावाच्या वेशीपासून सायकल हातात धरून चालत जायला लागले. मग लोक म्हणू लागले, 'चालत इलो म्हणजे घरातलाच कोणतरी गेला.' हँडलला झेंडूची फुलं बांधली, तर त्याच आठवड्यात एका घरी खरीच बातमी न्यावी लागली आणि फुलं सोडायची राहिली. त्या घरच्यांनी तात्यांना जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. पुढे तात्यांनी उपाय करणं सोडलं.

एक घर तेवढं त्यांनी राखलं होतं. त्यांची एकुलती मुलगी कसालला दिली होती. तात्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की कसालची बातमी आपण नेणार नाही, दुसरा माणूस बघा. आणि लोकांनी, आश्चर्य म्हणजे, ते ऐकलं. महिन्यातून एकदा तात्या रिकाम्या हातांनी कसालला जात. मीही तीन-चारदा बरोबर गेलो आहे. घर रस्त्यापासून आत, पोफळींच्या मागे, पण सायकल वळली की तिला दिसे. ती हातातलं काम टाकून धावत येई, सायकल स्वतः धरी आणि विचारी, "सहज इलास मा, बाबा?" तात्या मान हलवत. मग माझ्याकडे असं बघत, की मला दुसरीकडे बघावं लागे.

काकी गेल्या त्या सकाळी पाऊस नुकता सरला होता. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी पहाटे संपलं. सकाळची एस.टी. निघून गेली होती. दुसरी दुपारनंतर. मुलीला आईचं तोंड दाखवायचं तर कुणीतरी लगेच निघायला हवं होतं. मी म्हणालो, "मी जातो. मला घर माहीत आहे."

तात्या भिंतीशी बसले होते. ते उठले आणि धोतर खोचायला लागले. बायको गेलेल्या नवऱ्याने घर सोडायचं नसतं. भावकीतले वडीलधारे म्हणाले, "घोवान जावचा नसता, तात्या. मास्तर जातत." तात्यांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "तुमी एकटे गेलात तर ती लांबसून घाबारतली. धावतली, पडतली. मी बघलंय, मास्तरानू, बायका कशी पडतत ती. माका बघून ती घाबरूची नाय."

मग कुणी अडवलं नाही. मी मागोमाग निघालो. 

पोफळींपाशी सायकल वळली आणि ती धावत आली. कडेवर वर्षाचं मूल होतं. "सहज इलास मा?" म्हणत तिने हँडल धरलं. तात्यांनी मान हलवली. ते ओसरीवर जाऊन बसले. मी कुंपणाशीच थांबलो. ती आत जाऊन तांब्या घेऊन आली. निरोप्याने पाणी घ्यायचं नसतं, तात्यांनी घेतलं. सगळं प्यायले, थांबून थांबून. ती बोलत होती. मूल आता भिंत धरून उभं राहतं, माडाला यंदा उंदीर लागलेत, सासूचा गुडघा. "आयेक पण घेवन येवचा हुता, बाबा. तेका तरी खंय असा जावक गावता?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं.   त्यांनी मूल तिच्या कडेवरून आपल्याकडे घेतलं, पोटाशी धरलं आणि मग सांगितलं. मूल हातातून पडू नये म्हणून त्यांनी आधी ते घेतलं होतं, हे मला नंतर कळलं.

ती पडली नाही. जिथे होती तिथे उभीच राहिली आणि कितीतरी वेळ तात्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

त्यानंतर पहिल्यांदा तात्या सायकलवरून कसालला गेले ते गावच्या जत्रेतलं खाजं घेऊन. संध्याकाळी परत आले ते सरळ माझ्याकडे. खाज्याची पुडी देऊन आले का, असं मी विचारलं. "दिलंय," म्हणाले. मग सांगायला लागले.

"चौकट धरून उभी रवली. भायर येवक नाय. माका इचारल्यान, कोण गेला?"

मी म्हणालो, आईचं अजून ताजं आहे, विसरेल हळूहळू. माणसाला धीर द्यायला आपण काय वाटेल ते म्हणतो.

"विसरात कशी? बरोबर आसा तिचा," तात्या म्हणाले. त्या सुरात मुलीवरचा राग नव्हता. मला वाटतं, कुणावरच नव्हता, आणि तेच मला ऐकवेना.

पुढे इतर गावांच्या बातम्या ते नेत राहिले, कारण नाही म्हणायची सोय नव्हती. कसालला मात्र एस.टी.ने जायला लागले. एस.टी.तून सगळेच उतरतात, तिला कुणी घाबरत नाही. पुढच्या पावसाआधी तात्या वारले. त्याच्या थोडे दिवस आधी मी त्यांच्याबरोबर कसालहून परत येत होतो. खिडकीची जागा मी त्यांना दिली होती, पण ते बाहेर बघत नव्हते. जिथे तात्या सायकल फिरवून उभे राहत तो घाटीचा माथा आला, गाडी न थांबता पुढे गेली आणि ड्रायव्हरने ती उतारावर सोडली. तात्यांच्या दोन्ही हातांची बोटं समोरच्या बाकाच्या दांडीवर ब्रेक धरावेत तशी आवळली गेली. सपाटी आली, आमची वाडी दिसायला लागली, तरी ती बोटं सुटली नव्हती.