पुसायचं न्हाई

शेळ्यांच्या ओल्या लेंड्यांचा वास आला की मला पासलीच्या वरच्या वस्तीवरचा आमचा गोठा आठवतो. आदल्या दिवशी मी भोरला पहिल्यांदाच स्टेजवर उभी राहून विनोद सांगितले होते आणि कुणीही हसलं नव्हतं. गोठ्यात बसून मी मोबाईलवरचं त्याचं रेकॉर्डिंग ऐकत होते. मला बघायला आलेला मुलगा रेंज शोधत टेकडीवर गेला तो परत आलाच नाही, हा माझा हुकमी विनोद. पण लोकांना तो कळायच्या आत मी पुढचा सुरू केला होता. तेवढ्यात चुलते दारात आले. "पुसून टाक त्ये. पोरीच्या जातीनं असं चारचौघांत बोलायचं? लई शोभा झाली आपली." माझे कान तापले. "न्हाई पुसणार, तात्या. अजून धा येळा ऐकणार हाय." धार काढणारी आई मान वर न करता म्हणाली, "आवाज वाढव गं, मलाबी ऐकू दे." पुढं नसरापुरात मी तेच विनोद सावकाश सांगितले आणि लोक पोट धरून हसले. तात्या आजही म्हणतात, "बंद कर आता." मी त्यांना पुढच्या कार्यक्रमाची तारीख सांगते.