शांत आवाजाची मोटर

आई गेल्यापासून आबा घरात बोलत नव्हते. आबा म्हणजे माझे वडील. अगदीच मुके झाले होते असं नाही. "चहा दे", "पानी उनं का", म्हणजे नळाला पाणी आलं का, एवढं चालायचं. पण आईचा विषय निघाला की उठून गॅलरीत जायचे. सुरतेच्या बमरोली भागात आमची दीड खोली, तिच्यात मी, बायको आणि आबा; त्यात आम्ही बापलेक एकमेकांना अडखळत वावरायचो. मी मुळातच तापट. त्यांच्या गप्प बसण्याचाच मला राग यायचा, आणि रागावलो की माझीच मला लाज वाटायची.

त्यांचा जीव रमायचा तो फक्त तापीवर. खानदेशातलं आमचं गाव तापीकाठचं, आणि पोटासाठी सुरतेच्या यंत्रमागांवर आलो तेही तापीच्याच काठी. आईच्या अस्थी गावाकडे नदीत सोडल्या होत्या. सुरतेत पुलावर उभे राहिले की आबा खालच्या पाण्याकडे बघायचे नाहीत, पाणी जिकडून येतं तिकडे बघत राहायचे. ते पाहूनच माझ्या डोक्यात होडी शिरली. नदीच्या मधोमध, शांततेत, दोघंच असलो तर ते आईबद्दल बोलतील असं मला वाटलं. का वाटलं, सांगता येत नाही. अर्धवट झोपेत काहीतरी सुचावं तसंच ते होतं.

सुरतेजवळ नदीकाठीच असलेल्या कामरेजच्या एका शेतकऱ्याकडे फायबरची जुनी होडी पडून होती. ती घेतली तेव्हा बायको म्हणाली, "आठे घरमां पंखा बिघडेल शे, अन् तुम्हले होडीनी पडेल शे!" तिचं खरं होतं, घरातला पंखा बंदच होता. होडीसोबत वल्ही आली, पण माग चालवून चालवून आबांचे खांदे कामातून गेलेले, आणि माझी कंबरही कौतुक करण्यासारखी नाही. मोटर हवीच होती.

मग महिनाभर मी मोटरींतच राहत होतो. माग चालू असायचे आणि मी मनानं कुठल्यातरी रुंद, संथ पाण्यावर असायचो. पाण्यानं थंड होणारी मोटर आवाज कमी करते, पण ती माझ्या ऐपतीबाहेर. हवेनं थंड होणारी स्वस्त. तिच्यात पाणी खेचणारा पंप नसतो, त्यामुळे गाळानं तुंबायची भीती नाही. टू-स्ट्रोक आणखी स्वस्त, पण दर वेळी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळा, वर धूर. मी फोर-स्ट्रोक ठरवली. होडीच्या मागच्या फळीची उंची मोजून आणली, कारण मोटरीचा दांडा आखूड पडला तर पाती पाण्याबाहेर नुसती फिरत बसतात. एकच गोष्ट मला खुपत होती. हवेवरच्या मोटरी फार आवाज करतात असं जो तो सांगायचा. मला तर शांतता हवी होती. म्हणून ठरवलं, स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय घ्यायची नाही.

आमच्याच गल्लीत पंप आणि फवारणी यंत्रांचं दुकान आहे. मागच्या भिंतीला लागून मागांचा कारखाना. दुकानदारानं पाण्याच्या पिंपावर मोटर लावली आणि दोरी ओढली. मी डोळे मिटून ऐकलं. मला खरंच नदी दिसली, धुकं दिसलं, समोर बसून बोलणारे आबा दिसले.

"एकदम शांत छे, भाई," दुकानदार म्हणाला.

मीही मान डोलावली. बावीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढलेलं गिऱ्हाईक आणि त्याच भिंतीला टेकून धंदा केलेला दुकानदार, अशा आम्ही दोघांनी मिळून शांतता तपासली.

सुट्टीच्या दिवशी सकाळी कामरेजला होडी पाण्यात घातली. आबा पुढे, माझ्याकडे तोंड करून बसले. धुकं होतं, पाणी हलत नव्हतं. मी दोरी ओढली आणि अख्खी नदी दचकली. बगळे उडाले, काठावरचं कुत्रं भुंकताना दिसलं, पण ऐकू आलं नाही. मी मोटरीला, दुकानदाराला आणि स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. त्याही ऐकू आल्या नाहीत. महिनाभराचं स्वप्न असं फटफटत चाललेलं बघून मी रडायच्या बेतात होतो. मी मोटर बंद करायला हात नेला.

आबांनी बोट हवेत गोल फिरवलं.

मागांच्या आवाजात तोंडानं बोलून उपयोग नसतो, सगळं हातानं सांगायचं असतं. आम्ही दोघं अकरा वर्षं एकाच कारखान्यात शेजारशेजारचे माग चालवायचो. बोट गोल फिरवलं म्हणजे चालू ठेव. दोन बोटं जुळवून झटकन फाकवली म्हणजे धागा तुटला. आणि कपाळावर कुंकवाच्या जागी बोट टेकवलं म्हणजे तुझी माय डबा घेऊन दारात आली आहे, जा. ही शेवटची खूण फक्त आमच्या दोघांची होती.

मी मोटर चालू ठेवली. आबा बराच वेळ पाणी येतं त्या बाजूला बघत होते. मग माझ्याकडे वळले. कपाळावर बोट टेकवलं आणि नदीच्या वरच्या अंगाला हात केला. नंतर दोन बोटं जुळवली आणि हळूच फाकवली. त्यांचे डोळे वाहत होते. माझेही. मी सुकाणूचा दांडा एका हातात धरून दुसऱ्या हाताचं बोट कपाळाला लावलं. एवढंच मला येत होतं.

मग ते कितीतरी सांगत राहिले. डबा, भाकरी, तिचं दारात उभं राहणं, तिचा राग. काही खुणा त्यांनी तिथल्या तिथे नव्या केल्या, आणि मला त्या सगळ्या कळल्या.

पेट्रोल संपलं तेव्हा नदी एकदम शांत झाली. आबांचे हातही थांबले. मी वल्ही मारत होडी काठाला आणली.

पुढच्या सुट्टीला मी उठलो तेव्हा पेट्रोलचा कॅन दारात काढून ठेवलेला होता, आणि आबा चपला घालून बसले होते.