आगीतही न हलणारे केस

हसायचं असन तर आत्ताच हसून घ्या बाप्पा! कारण मी भर दिवसा, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हातानं स्वतःच्या डोक्याले काडी लावली आहे.

काऊन म्हणता? सांगतो ना.

मी तेव्हा एटापल्लीकडच्या जंगलात बांबू डेपोवर कारकून होतो. गावात फोन नाई, खोलीत मी एकटा. माणसं चांगली, पण आपसात गोंडीत बोलत. मले गोंडी ओ का ठो येत नव्हती. मनमोकळं बोलणारा एकच, अहेरीचा रहीमभाई न्हावी. म्हणून दर बाजाराले मी एसटीनं अहेरी गाठायचो अन् केस कापून घ्यायचो. वाढले असोत का नसोत!

एकदा उन्हाळ्यात रहीमभाईनं डोक्याले थंडगार जेल चोपडलं.

"हे लावा भाऊ. आग लागली तरी एक बाल हलणार नाई!"

आता हे कोणाले सांगून राह्यला तो? ज्याच्या जंगलात उन्हाळाभर वणवा पेटते, त्याले! विझवायले गेलो का मी भुवया जाळूनच परत यायचो.

"आगीतही? खरंच?"

"ग्यारंटी!"

झालं. डबी घेतली. एसटीत मनातल्या मनात साहेबांपुढे भाषण सुरू. साहेब, वणवा विझवणाऱ्या हरेकाच्या डोक्याले हे लावा! साहेब म्हणतात, शाब्बास!

बाजूची म्हातारी म्हणे, "कोनासंग बोलून राह्यला गा?"

मनातल्या मनात नव्हतं वाटते ते.

खोलीवर आलो. आधी झाडूच्या काडीले जेल लावून पाहिलं. काडी पेटेना! ओली होती, म्हणून पेटत नव्हती. पण तेवढं डोकं असतं तर पुढचं घडलंच नसतं ना? अर्धी डबी केसांत ओतली, उन्हात बसून वाळवली. केस खिळ्यांवाणी उभे. आरसा धरला, काडी पेटवली, पुढच्या झुलपाजवळ नेली...

भस्सकन!

"आग! आग!" ओरडत मी अंगणात. समोरच्या चिन्नाबाईले तेवढा एक शब्द पुरला. तिनं हाक दिली, अन् अख्खं गाव हिरव्या डहाळ्या तोडून धावलं. वणवा तसाच झोडपून विझवतात ना आमच्याकडे!

"कुठी आहे वनवा?" चिन्नाबाई ओरडली.

मी डोक्याकडे बोट दाखवलं.

मग काय! फटाफट, फटाफट! आग केव्हाच विझली होती, पण डहाळ्या काई थांबेनात.

त्या दुपारी माह्या अंगणात बसायले जागा उरली नाई. कोणी कोरफड आणून लावली, चिन्नाबाईनं काळा चहा केला. जो नवीन येई त्याले पुन्हा सगळं करून दाखवत. मले एक शब्द कळत नव्हता, पण सगळ्यांत मोठ्यानं मीच हसत होतो. ऊन उतरलं तसे सगळे आपापल्या घरी गेले. मी उगाच अंगण झाडत बसलो.

पुढच्या बाजाराले रहीमभाईनं माहं डोकं पाहिलं अन् खाली बसला हसून हसून.

"अरे भाऊ, केसांचा भांग मोडणार नाई, असं बोलत होतो मी!"

उरलेले केस त्यानं वस्तऱ्यानं साफ केले. म्हणे, "आता दोन-तीन महिने सुट्टी. काटायले काईच नाई इथी."

दोन-तीन महिने! मी आठवडा कसाबसा काढला अन् पुन्हा त्याच्या खुर्चीत जाऊन बसलो.

"काऊन आले भाऊ? डोकं तर चेंडूवाणी गुळगुळीत आहे!"

"दाढी कर."

दाढी केली. पण दाढी ते काय, बोलणं रंगात येईपर्यंत संपली. बाहेर एसटी लागली होती. रहीमभाईनं टॉवेल झटकला.

"अजून काई?"

मी ओठांवरून हात फिरवला. कॉलेजपासून जपलेली मिशी होती.

"ही काढून टाक," मी म्हटलं. "पण हळूहळू काढजो."