अनुभवी छर्रे

भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरदऱ्यांत ज्याचा नेम आयुष्यात एकदाही चुकला नाही असा एकच पुरुष मला ठाऊक आहे, आणि तो माझा थोरला साडू आहे. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. छर्रा नेमका कुठे जाऊन लागतो हा प्रश्न वेगळा. त्याबाबत त्यांच्या घरात आणि माझ्या मनात अजून एकमत झालेलं नाही.

माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. एसटीच्या टायर दुरुस्तीच्या खात्यातून निवृत्त होऊन ते वेल्ह्याच्या अलीकडे, आपल्या भाताच्या खाचरांपाशी घर बांधून राहिले आहेत. झिजलेल्या टायरवर रबर चढवून तो परत घाटात पाठवायचा, यात उभी हयात गेल्यामुळे नव्या वस्तूवर त्यांचा काडीचाही विश्वास उरलेला नाही. नवा टायर त्यांच्या मते मस्तवाल असतो, घसरतो, ऐकत नाही. जुन्याला घाट पाठ असतो. त्यांच्या चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेची आहे, बॅटरीतले सेल उन्हात वाळवून पुन्हा नोकरीवर घेतलेले असतात, आणि त्यांच्याकडे मिळणारा दुसरा चहा हा पहिल्या चहाचाच सख्खा भाऊ असतो. निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरवलं, तर यांनी त्याऐवजी छऱ्यांची बंदूक मागून घेतली. घड्याळ दुरुस्त करून झालं की काम संपतं, बंदुकीचं तसं नसतं, असा त्यांचा हिशेब होता.

बंदुकीबरोबर छऱ्यांची एक डबी आली होती. ती संपल्यावर दुसरी आणणं ही सामान्य माणसाची रीत झाली. दाजींनी बांधाच्या मातीत घुसलेले चपटे छर्रे चाळणीने चाळून काढले, मागच्या चुलीवर वितळवले, आणि कानशीने घासून स्वतः तयार केलेल्या साच्यात पुन्हा ओतले. या कामासाठी त्यांनी फोडणीची पळी उचलली. त्या दिवशी त्यांची बायको, म्हणजे आमची अक्का, जे बोलली ते मी लिहू शकत नाही. पण नवी पळी त्याच संध्याकाळी आली, आणि दाजींनी घरात आणलेली ती बहुधा एकमेव नवी वस्तू.

"दाजी, डबी काय महाग असते का?" मी एकदा विचारलं.

"पैशाचं न्हाई ओ, पाव्हणं. नव्या छऱ्याला जगाचा अनुभव नसतोय. ह्यो बगा, ह्यो चार येळा जाऊन आलाय. ह्याला वाट ठावं हाय."

वाट ठाऊक होती, फक्त ती डावीकडची होती. साच्याची एक बाजू जरा जास्त घासली गेली असावी. प्रत्येक छर्रा थोडा तिरपा जन्माला यायचा आणि हातभर डावीकडे जायचा. दाजींना मात्र हे साच्याचं काम वाटत नव्हतं. त्यांच्या मते तोरण्यावरून वारं उतरतं आणि ते छऱ्याला ढकलतं. म्हणून ते बांधावर नेमासाठी टांगलेल्या पत्र्याच्या झाकणाच्या हातभर उजवीकडे, शेळ्यांच्या गोठ्याच्या खांबावर नेम धरत आणि झाकण टण्णकन वाजवत. दरवेळी. एकदा झाडाचं पानही हलत नसताना मी शंका काढली. ते माझ्याकडे दयेने पाहत म्हणाले, "ते आतलं वारं असतंय. दिसत न्हाई." मी पुण्याला परत जाईपर्यंत आतल्या वाऱ्याचा विचार करत होतो. अजून समजलेलं नाही.

आणि मग भोरला ज्येष्ठ नागरिकांची नेमबाजी स्पर्धा जाहीर झाली. अक्काने त्याच दिवशी निकाल देऊन टाकला. "ह्या टायमाला कायतरी करून दावा. न्हाईतर ती बंदूक माळ्यावर, आन् चुलीवर पुन्यांदा शिसं दिसलं तर तुमी बी माळ्यावर." दाजी हसले, पण त्या आठवड्यात त्यांनी बंदुकीला तीनदा तेल पाजलं. सकाळी उठल्यावर त्या खाचरांकडे बघत बसायचं, की बंदूक घेऊन खाचरांकडे जायचं, एवढाच तो प्रश्न होता. पण निवृत्त माणसाला तो पुरतो.

शाळेच्या मैदानावर मांडव होता. पाहुणे उशिरा आले आणि ती भरपाई करण्यासाठी बराच वेळ बोलले. नेमबाजीमुळे चारित्र्य घडतं, असं ज्यांनी सांगितलं त्यांनी बंदूक उलटी धरून फोटो काढला. मग नियम वाचला गेला: सर्वांनी आयोजक मंडळाचेच छर्रे वापरायचे. नवे कोरे, चकचकीत. दाजींनी आपल्या घरच्या छऱ्यांची पुरचुंडी खिशात परत ठेवली आणि मैदानावरच्या पताकांकडे पाहिलं.

"वारं तेच हाय," ते मला म्हणाले. "काळजी नगं."

लक्ष्याच्या पाट्या शेजारी शेजारी, हातभर अंतरावर होत्या. दाजींच्या उजवीकडे एक निवृत्त तलाठी उभे होते. दाजींनी सवयीने हातभर उजवीकडे नेम धरला आणि शांतपणे सगळे छर्रे सोडले. नव्या छऱ्यांना अनुभव नसल्यामुळे ते सरळ गेले. तलाठ्यांच्या पाटीचा मध्यबिंदू उडून तिथे खिडकी झाली. दाजींची पाटी कोरी राहिली. तलाठ्यांचे स्वतःचे छर्रे कुठे गेले, हे भोरमध्ये आजही कोणाला माहीत नाही.

ढाल तलाठ्यांना मिळाली. पाटीकडे ते असे बघत होते, जणू कोणीतरी भलतंच पोर त्यांच्या मांडीवर आणून ठेवलंय. शाल सावरत ते दाजींपाशी आले आणि हळूच म्हणाले, "मोतीबिंदू पिकलाय ओ. मला तर पाटीच दिसत न्हवती."

"दिसायलाच पायजे असं न्हाई," दाजी म्हणाले आणि त्यांनी तलाठ्यांची शाल नीट केली.

परतीच्या एसटीत दाजी नसरापूरपर्यंत खिशातली पुरचुंडी चाचपत होते. शेवटी मीच म्हणालो, "दाजी, ती भोकं तुमची होती. सांगायचं होतं."

"सांगून? दुसऱ्याच्या पाटीवर मारलं म्हून मी बाद, आन् एकबी लागला न्हाई म्हून त्यो बाद. येकाला तरी राहू द्या की." मग खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "पर वारं कुठं गेलं हो, पाव्हणं?" साच्याबद्दल सांगायची ती वेळ होती, असं मला वाटलं. आणि ती नव्हती, असंही वाटलं.

अक्का दारातच उभी होती. "काय झालं?"

"समदे मधोमध," दाजी चप्पल काढत म्हणाले.

"खरं का हो, पाव्हणं?"

"मी स्वतः बघितलं, अक्का. एकही बाहेर गेला नाही."

"आन् बक्षीस?"

"वयानं मोठं होतं त्येला दिलं," दाजी म्हणाले. यातला एक शब्दही खोटा नव्हता.

अक्काने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शिरा करायला घेतला. दाजींनी बंदूक खुंटीला लावली आणि तिच्यावरून एकदा हात फिरवला. ती तिथेच राहिली. शिऱ्यात साखर घालायची राहून गेली होती. आम्ही दोघांनी तो दोनदा मागून घेतला.