धम्मदीपाचा फळा

माझी बहीण धम्मदीपा मेडशीत दारं-खिडक्या वेल्डिंग करते आणि बास्केटबॉलवरून भांडते. रिंगखाली धक्के खात खेळतो तो पॉवर फॉरवर्ड. अमेरिकेच्या लीगमध्ये त्यातला सगळ्यात मोठा टिम डंकन, असं तिचं ठाम मत. माझ्या मते गार्नेट.

"तुह्या डंकनले येते काय? फळ्यावर आपटून चेंडू टाकते नुसता. झोप लागते पाहून," मी मैदानावर सगळ्यांसमोर म्हणालो.

ती भडकली. "तुनं कदी मारून पाह्यला काय तसा शॉट?"

कसा मारणार? आमच्या खांबाला नुसती रिंग होती, मागे फळाच नव्हता.

रविवारी तिनं दुकानातला पत्रा कापला, चौकटीत ठोकला, मलाच शिडी धरायला लावून खांबावर बसवला. मग रिंगच्या डावीकडे तिरपी उभी राहून टाकत सुटली. चेंडू दर वेळी बाहेर. पोरं हसत होती, ती थांबेना. ऊन उतरता उतरता पत्रा वाजला आणि चेंडू अलगद रिंगमधून खाली आला.

"नशिबानं गेला," मी म्हणालो.

तिनं चेंडू माझ्या छातीवर हाणला. "मंग तू टाक."

महिना झाला, मी रोज टाकतोय. गार्नेटचं नाव सध्या घेत नाही. आधी एक तरी जाऊ दे.