खांद्यावरचा पिवळा डाग

परवा व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला आजोबांचा गणवेशातला फोटो दाखवला, तेव्हा तुम्ही दोघांनी दोन प्रश्न विचारलेत. धाकट्याने विचारलं, खांद्यावरच्या ताऱ्यांशेजारी तो पिवळा डाग कसला? थोरलीने तोवर इंटरनेटवर शोधून विचारलं, "आजी, ऑनररी लेफ्टनंट म्हणजे खरा नाही ना?" तेवढ्यात कॉल तुटला. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे आणि जरा लांब आहे, म्हणून लिहून पाठवते. थोरले, तुझाच प्रश्न मला पूर्वी तुमच्या पणजीने, म्हणजे आजोबांच्या आईने, विचारला होता. तिला मी इतकं बिनचूक उत्तर दिलं की सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

आजोबा सिंदेवाहीला भाताच्या संशोधन केंद्रात कामाला होते आणि त्याच वेळी प्रादेशिक सेनेतही होते. ही राखीव फौज. तिथली माणसं एरवी आपापला कामधंदा करतात, वर्षातले ठरलेले दिवस शिबिराला जातात आणि बोलावणं आलं की गणवेश चढवून निघतात. आजोबांना बोलावणं कधी चार महिन्यांचं आलं, कधी दोन-दोन वर्षांचं. मी सिंदेवाहीला शाळेत इंग्रजी शिकवत असे आणि तुमच्या आईला सांभाळत असे. आरमोरीजवळच्या गावात घरची धानाची शेती होती, ती पणजी बघत असे. तिचा एकुलता एक मुलगा ऐन रोवणीच्या दिवसांत सरहद्दीवर असायचा आणि ही गुडघाभर चिखलात बायकांची रांग पुढे नेत असायची.

पलटणीचा प्रमुख कर्नल. तो नेहमीच्या फौजेतून येतो आणि दोन-तीन वर्षांनी बदलून जातो. सुभेदार मेजर मात्र साध्या जवानापासून वर चढलेला असतो आणि सगळ्या पलटणीत तो एकच. कुणाच्या घरी बाळंतपण आहे, कुणाचं भांडण आहे, कुणाला सुट्टी द्यायला हवी, हे कर्नलला त्याच्याकडून कळतं. त्याच्या खांद्यावर पितळी सिंहमुद्रा असते आणि तिच्याखाली लाल-पिवळी पट्टी. आजोबा शेवटची काही वर्षं सुभेदार मेजर होते. पणजीला पलटण, तुकडी यातलं काही कळत नसे, पण सिंह बरोबर कळला होता. पाहुणा आला की ती एकदा तरी म्हणायची, "माह्या बाबूच्या खांद्यावर सिंह हाये."

निवृत्तीला दोन महिने उरले होते. सव्वीस जानेवारीच्या यादीत आजोबांना मानद लेफ्टनंटपद जाहीर झालं. जवान म्हणून भरती झालेल्या माणसाला उतारवयात अधिकाऱ्याचा दर्जा मिळणं फार मानाचं, आणि तो फार थोड्यांना मिळतो. त्या दिवशी त्यांचा फोन आला. आधी माझ्याशी हवापाण्याचं बोलले आणि मग म्हणाले, "तारे लावायचा कार्यक्रम आहे. एका खांद्यावर कर्नलसाहेब लावतात, दुसऱ्या खांद्यावर घरचं माणूस."

मी म्हटलं, "कोणती साडी नेसू?"

ते म्हणाले, "मायने लावावा असं वाटते. मी निघून जायचो तेव्हा रोवणी तिने केली. तू येच. पण तारा तिने लावावा."

खोटं कशाला लिहू, मला थोडं लागलं. इतर साऱ्यांच्या बायकाच तारे लावतात हे मला ठाऊक होतं. पण त्यांनी इतक्या वर्षांत माझ्याकडे फार थोड्या गोष्टी मागितल्या होत्या. रविवारी मी आरमोरीच्या बसमध्ये बसले. काय काय सांगायचं ते मुद्दे घालून एका कागदावर लिहून घेतलं होतं.

पणजी ओट्यावर लाखोळीच्या शेंगा सोलत बसली होती. शेजारचे एक म्हातारे भाऊ तिच्याशी गप्पा मारत होते. सासूला आमच्याकडे मामी म्हणतात. मी म्हटलं, "मामी, त्यांना मानद लेफ्टनंट केलं."

"मानधन?" शेजारचे भाऊ म्हणाले. "अंगणवाडीच्या बाईले भेटते थे?"

"मानधन नाही भाऊ, मानद. म्हणजे मानाचं पद. त्याला अधिकार नसतो, हुकूम चालत नाही, वेगळं काम नसतं. नुसता मान." शब्दकोशात असतं तसं सांगितलं मी.

पणजीचे हात थांबले. "काम नाई म्हंजे? कामावरून काढलं काय त्याले?"

"नाही हो. वर चढवलं."

तिला नीट कळावं म्हणून मी पर्समधून वही काढली. एका बाजूला आताचा खांदा काढला, त्यावर सिंह आणि पट्टी. दुसऱ्या बाजूला नवा खांदा काढला आणि त्यावर दोन तारे. फळ्यावर काढते तशी स्वच्छ आकृती होती. तिने वही डोळ्यांजवळ धरली, मग लांब धरली.

"सिंह कुठी गेला?"

"तो निघतो."

"अन् हे पट्टी?"

"तीपण निघते. अधिकाऱ्यांना पट्टी नसते."

भाऊंनी वहीत डोकावून बघितलं. "दोन चांदण्या तं आपल्या चौकीच्या फौजदाराले बी हायेत. कालचं पोरगं हाये थे. मिशी बी धड नाई आली त्याले."

ते थट्टेत बोलले होते. पण पणजीने वही मिटून माझ्या हातात दिली आणि शेंगांचं सूप उचलून आत गेली. मी मागोमाग गेले तर चुलीशी पाठ करून म्हणाली, "म्यातारपनी त्याचा सिंह काढून राह्यले, अन् मी थे पाहाले तितलोक येऊ? अन् माह्याच हातानं? नाई बाई. तूच जाय."

मी पुन्हा समजावून सांगितलं. जितकं जास्त सांगितलं तितकं बिघडत गेलं. संध्याकाळच्या बसने परत आले आणि आजोबांना फोन केला. "त्या येत नाहीत," म्हटलं. "तुम्हाला खालच्या जागेवर टाकलं असं त्यांना वाटतंय. चूक माझीच. मी आकृती काढून दाखवली."

ते हसले नाहीत. पलीकडे कुठेतरी कवायतीचा आवाज चालला होता. मग म्हणाले, "ती नसेल तर मी कर्नलसाहेबांना सांगतो, दोन्ही खांद्यांवर तुम्हीच लावा." त्यावरून मला कळलं की हे त्यांनी किती मनाशी धरलं होतं. मी दुसऱ्या खांद्यासाठी त्यांच्या हिशेबात आता नव्हतेच, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

तीन दिवसांनी मी पुन्हा गावी गेले. या वेळी कागद नेला नाही. आजोबांना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि पणजीपुढे उखळावर ठेवून दिला.

"माय," आजोबा म्हणाले, "आपला पांढरा बैल आठवते काय?"

"आठवते. काऊन?"

"बुढा झाल्यावर त्याले नांगराले जुंपत होतो काय आपन?"

"नाई. चार साल नुसता बसून खाल्लन त्यानं."

"अन् पोळ्याच्या दिवशी तोरनाखाली पयला कोन उभा राहे?"

"थोच. मान आपल्या घरचा हाये."

"मंग. सिंह म्हंजे माहं जू होतं. थे काढून राह्यले. आता नांगर दुसऱ्याच्या खांद्यावर. मले पयला उभा करतेत."

पणजीने फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "असं सांगाचं ना बाई तुनं. मानद-फानद मले काय समजते?"

"पण माय, तू आली नाईस तं बैलाले कोन नेईन तोरनाखाली?"

"बैल म्हनते सोताले," ती म्हणाली आणि पदराने नाक पुसलं. "गाडी कितीले हाये?"

सिंदेवाहीहून बल्लारशा, तिथे गाडी बदलून पुढे दिवसभराचा प्रवास. पणजी नागपूरच्या पलीकडे कधी गेली नव्हती. मी सामानाची यादी केली होती आणि प्रत्येक वस्तूपुढे खूण केली होती. तिच्या कनवटीला काय होतं ते मात्र माझ्या यादीत नव्हतं.

कार्यक्रम पलटणीच्या मैदानाशेजारच्या मोठ्या खोलीत होता. जवान रांगेत उभे होते. आजोबा पुढे ताठ उभे. तुम्ही त्यांना घरातल्या लुंगीत बघितलंय. त्या दिवशी गणवेशाची एक घडी इकडची तिकडे नव्हती. जवानाच्या बुटाला एवढीशी धूळ दिसली तर त्याला परत पाठवणारे हे सुभेदार मेजर, असं एका हवालदाराने मला हिंदीतून कौतुकाने सांगितलं.

कर्नल उंच, उत्तरेकडचे, वयाने आजोबांपेक्षा लहान. त्यांनी दोन्ही खांद्यांवरचे सिंह हलक्या हाताने काढले. तबक धरून एक जवान उभा होता. सिंह त्या तबकात जाणार तेवढ्यात पणजीने दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. तबकवाला जवान गोंधळला. कर्नलनी क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि दोन्ही सिंह तिच्या ओंजळीत ठेवले. तिने ते कपाळाला लावून कनवटीला खोचले.

उजव्या खांद्यावर कर्नलनी तारे लावले. मग पणजीची पाळी. मी तिच्याकडून घरी काथ्याच्या खाटेवर उशी ठेवून तारा कसा लावायचा ते दहा वेळा करून घेतलं होतं. पण तिने तारा घेतलाच नाही. कनवटीतून एक डबी काढली. पानाच्या चुन्याची असते तेवढीच, आणि तिच्यात तुपात कालवलेली हळद. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले असतात, त्यांवर पळसाच्या पानाने हळद-तूप चोळतात आणि बैलाला जेवायचं आमंत्रण देतात. पळसाचं पान तिला त्या दिवसांत मिळालं नसावं. तिने बोटच बुडवलं आणि आजोबांच्या डाव्या खांद्यावर, इस्त्री केलेल्या गणवेशावर, सावकाश चोळलं.

"आज आवतन घ्या," ती बैलाला म्हणतात तसं म्हणाली, "उद्या जेवाले या."

आजोबा हसले. कर्नलनी मला हळूच विचारलं, "माताजी ने क्या कहा?" मी सांगितलं, इस वक्त हिंदी में नहीं बता पाऊँगी. पणजीने मग तारे लावले. एक जरा तिरका बसला. तुम्ही बघितलेला फोटो नेमका तेव्हाच काढलेला आहे. ती मागे सरली आणि कर्नलना म्हणाली, "साहेब, तुमी बी या जेवाले. वांग्याची भाजी अन् वडे करतो."

जेवणाच्या वेळी एक जवान ओला रुमाल घेऊन धावत आला. आजोबांनी त्याला हातानेच परत पाठवलं. दिवसभर तो डाग घेऊन ते पलटणभर फिरले, सगळ्यांशी हात मिळवले, आणि आपल्या जागी येणाऱ्या नव्या सुभेदार मेजरच्या पाठीवर थाप मारली.

दोन दिवसांची सुट्टी घेऊन ते आमच्याबरोबरच गावी आले. शेजारचे भाऊ ओट्यावरच होते.

"काय बाई, काढलं काय पोराले?"

"काढलं नाई," पणजी म्हणाली, "खांदे मोकळे केले त्याचे." मग तिने कनवटीचे दोन सिंह काढून भाऊंच्या तळहातावर ठेवले, बघून परत घेतले आणि देवाजवळच्या कोनाड्यात ठेवून दिले. ते आता माझ्याकडे आहेत.

मग तिने पाट मांडला. आजोबा गणवेशातच जेवायला बसले. ती समोर बसून वडे वाढत होती आणि तिरका बसलेला तारा मधूनमधून बोटाने सरळ करायचा प्रयत्न करत होती. तो शेवटपर्यंत सरळ झाला नाही.