झाडावरचा फोन

कागदावर पाहिलं तर पळसदरीच्या वरच्या अंगाला डोंगरात असलेल्या एका ठाकूरवाडीत इंटरनेट आहे. म्हणजे पोशाच्या फोनमध्ये आहे, आणि पोशाचा फोन हिरड्याच्या झाडावर आहे. घरात रेंज येत नाही, खिंडीतल्या त्या एका झाडापाशी येते. म्हणून वाडीनं आपली सोय आपणच केली. फोन प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचा, फांदीला अडकवायचा आणि कामाला लागायचं. येता-जाता कुणीतरी बघतं आणि ज्याचा निरोप असेल त्याला हाक मारतं. पोशाची मुलगी मंगळी वाडीत सगळ्यात भरभर वाचणारी, त्यामुळे आठवीपासून झाडाची पाळी तिच्याकडे आली.

पलीकडच्या डोंगरात दरड कोसळून माणसं गेली आणि तलाठी भाऊसाहेब वाडीवर आले. पोशाचा नंबर त्यांनी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातला. म्हणाले, "धोका असला की मेसेज येईल. आला की सगळ्यांनी खाली शाळेत उतरायचं." भाऊसाहेब गेले, आणि भीती मंगळीच्या गळ्यात बांधून गेले. जेवताना हातातला घास तसाच राहायचा. आत्ताच मेसेज आला असला तर? उठायचं, पावसात झाडापाशी जायचं, काही नाही म्हणून परत यायचं. चुलीपाशी टेकते न टेकते तोच पुन्हा तेच.

पहिल्याच पावसाळ्यात तिनं घोळ घातला. कुणीतरी पुढं ढकललेला मेसेज आला की डोंगराला भेगा पडल्यात, ताबडतोब घरं सोडा. कुठल्या डोंगराला, ते लिहिलंच नव्हतं. मंगळी ओरडत सुटली आणि अख्खी वाडी भिजत खाली उतरली. दुसऱ्या दिवशी परत येऊन बघतात तर डोंगर जागच्या जागी, फक्त धोंडी म्हातारीच्या कोंबड्या मुंगसानं नेलेल्या. पुढं वर्षभर मंगळी दिसली की म्हातारी एकेका कोंबडीचं नाव घेऊन हळहळायची. मग वाडीनं बसून ठरवलं की तलाठ्याचा मेसेज आला तरच उतरायचं. नाही आला तर धोका नाही. हे दुसरं वाक्य कुणालाच खटकलं नाही, मंगळीलाही नाही.

पुढच्या साली आखाडात पाऊस उघडेचना. शाळा बंद होत्या. मंगळी झाडापाशी जाऊन यायची आणि मेसेज नाही म्हटलं की वाडी निवांत व्हायची. त्या सकाळी ती गेली तेव्हाही काही नव्हतं. हायसं वाटून ती पिशवीची गाठ मारणार, तेवढ्यात तिचा हात थांबला. ग्रुपमध्ये रोज सकाळी कुणाकुणाची गुड मॉर्निंगची फुलं यायची. आज एकही फूल नव्हतं. तिनं वर पाहिलं. जिथं रेंजच्या काड्या दिसतात तिथं फुली होती. ती फांदीवर चढली, फोन उंच धरला, तरी फुलीच. शेवटचा मेसेज काल दुपारचा होता.

टॉवर कालपासून बंद होता. फोन गप्प होता तो डोंगर धड आहे म्हणून नव्हे, त्याला काही ऐकूच येत नव्हतं. 

ती फोन घेऊन धावत घरी आली. पोशा ओट्यावर कोयत्याला धार लावत होता.

"बा, टॉवर बंद पडलाय. खाली जाया पायजे."

"मेसेज आला का?"

शेजारच्या दारातून धोंडी म्हातारीनं मान बाहेर काढली. "मेसेज हाय का नाय ते सांग गं. गेल्या टायमाला माज्या कोंबड्या गेल्या."

चार घरांतली माणसं बाहेर येऊन तिच्या तोंडाकडं बघू लागली. नाही म्हणावं तर कुणी हलणार नाही. हो म्हणावं आणि डोंगर तसाच राहावा, तर पुढं खरा मेसेज आला तरी तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. ही दुसरी भीती पहिलीपेक्षा मोठी होती.

"आलाय," मंगळी म्हणाली. "तलाठ्याचा."

वाडी निघाली. म्हातारीनं या खेपेला कोंबड्यांचं डालगं आधी डोक्यावर घेतलं. मंगळी सगळ्यांच्या मागं होती, वळून वळून डोंगर बघत. थोडासा तरी कोसळावा, म्हणजे आपलं खोटं पचेल, असं तिच्या मनात आलं. आणि असं मनात आलं म्हणून ती आणखीच घाबरली.

शाळेच्या पडवीत शिरता शिरता तिच्या हातातला फोन थरथरला आणि थरथरतच राहिला. खाली दुसऱ्या टॉवरची रेंज होती. फुलं आली, देव आले, आणि त्यांच्यामध्ये तलाठ्याचा मेसेज: दरडीचा धोका आहे, वाडी तात्काळ रिकामी करा. वेळ काल संध्याकाळची होती. खाली, "पोशा, उत्तर दे," असं पुन्हा पुन्हा लिहिलं होतं.

तिनं बापाला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. पोशानं फोन तिच्या हातातून घेतला.

"म्हंजे आपून रातभर..." एवढंच तो म्हणाला.

डोंगर त्या खेपेला खाली आला नाही. पाऊस ओसरल्यावर माणसं परत वर गेली. दुसरी जागा कुणी दिली नाही, घरं अजून तिथंच आहेत. मंगळीच्या खोट्याची गोष्ट मात्र हळूहळू वाडीभर झाली. तिला कुणी काही बोललं नाही.

आता ती कर्जतला एका दवाखान्यात काम करते. मैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीत राहते. खोलीत वायफाय आहे. ज्याच्यासाठी फांदीवर चढावं लागायचं ते आता गादीवर पडल्या पडल्या मिळतं. पण पाऊस धरला की ती झाडावरच्या फोनला रिंग देते. रिंग वाजली, कुणी फोन उचलला नाही तरी, तिला बरं वाटतं.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी रिंगच जाईना. मैत्रिणी म्हणाल्या, काही झालं असतं तर एव्हाना कळलं असतं. मंगळीनं चप्पल घातली, पळसदरीची रिक्षा पकडली आणि चिखलातून वर चढली. आई चुलीपाशी भाकऱ्या करत होती. निथळणाऱ्या मंगळीला बघून तिचा हात थांबला.

"काय गं, कसला निरोप आला?"

"काय नाय आला," मंगळी म्हणाली. "म्हनून तर आले."

आईनं तवा उतरवला. चुलीत पाणी ओतलं आणि खाली निघायला भाकऱ्या फडक्यात बांधल्या.